सहलीची वही



गेल्या वर्षी आमच्या मुलीच्या मराठीच्या वहीत एक निबंध वाचला. विषय होता 'मी पाहिलेले प्रेक्षणीय स्थळ'. तेव्हा ती नववीत होती. तिने ताजमहालावर दोन पाने लिहिली होती. संगमरवर, चांदणी रात्र, यमुनेचे पाणी, सगळे जागच्या जागी. शिक्षकांनी दहापैकी आठ गुण दिले होते. मी वही मिटली आणि विचारले, "बेटा, तू ताजमहाल कधी पाहिलास?"

ती म्हणाली, "बाबा, गाईडमधून उतरवला. मी कुठं काय पाहिलंय?"

उत्तर खरे होते, म्हणून लागले. शाळेची सहल दोन वर्षे निघाली आणि दोन्ही वर्षे आम्ही पैसे भरू शकलो नाही. एका वर्षी तिच्या आईची परीक्षा फी होती, दुसऱ्या वर्षी आजीच्या डोळ्याचे ऑपरेशन. पोरीने एका शब्दाने तक्रार केली नाही. पण आम्ही राहतो अर्जुनी मोरगावात. येथून इटियाडोहचे धरण पाहून संध्याकाळी घरी परतता येते. नवेगावबांधचा तलाव आमच्याच तालुक्यात. दुरून लोक गाड्या करून जे पाहायला येतात, ते आमच्या मुलांनी पाहिले नव्हते. आग्र्याला नेणे माझ्या हातात नव्हते, इटियाडोहला नेणे होते. तेही मी केले नव्हते.

आमचे घर म्हणजे विद्यार्थ्यांचे घर. मुलगी यंदा दहावीत, मुलगा सातवीत. माझ्या पत्नीचे शिक्षण लग्नामुळे बारावीला थांबले होते. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली निघाले, ते अशाच लोकांसाठी. तेथून ती आता बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मी बी.कॉम. होऊन कारकुनी करतो. दोन खोल्यांत तीन जणांचा अभ्यास आणि एकच टेबल. त्यामुळे घरात नेहमी एक वाक्य ऐकू येते, "परीक्षा झाल्यावर पाहू." तिघांपैकी कोणाची ना कोणाची परीक्षा असतेच. म्हणून ते पाहणे कधी होत नाही.

त्या निबंधानंतर आम्ही ठरवले. महिन्यातून एक रविवार. सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल तेवढेच अंतर. शिदोरी घरची. आणि सोबत एक शंभर पानी वही. जे पाहिले, जे विचारले, जो खर्च झाला, ते सगळे तिच्यात लिहायचे. माझ्या आईला हे पटले नाही. ती म्हणाली, "पोरगी दहावीत जाऊन रायली अन् तुमी हिंडाले निंगाले!" शेजाऱ्यांनीही ते ऐकले आणि माना डोलावल्या.

पहिली सहल इटियाडोहची. दिवाळीनंतरचे दिवस होते, बांध्यांमधला धान कापणीला आला होता. सकाळच्या एस.टी.ने गोठणगावच्या बाजूला गेलो आणि पुढे पायी. गाढवी नदीवरचे हे मातीचे धरण १९७० साली पूर्ण झाले. लांबी ५०५ मीटर, उंची सुमारे ३० मीटर. आकडे मी आधीच वहीत लिहून नेले होते. पण मुलाला आकड्यावर विश्वास नव्हता. त्याने घरी आपले पाऊल मोजून ठेवले होते, ६० सेंटिमीटर. चौकीवर विचारून आम्ही पाळीवर चढलो, तेव्हा तो मोजत निघाला. पावले भरली ८६१. गुणाकार केला तर सुमारे ५१७ मीटर. "बाबा, बारा मीटर जास्त भरले. धरण चुकलं का मी?" मुलीने उत्तर दिले, "तू गाई पाहायला थांबला होतास, तेथे पावलं आखूड पडली." मोजमापात चूक कोठून येते, हा धडा त्याला एवढ्या लवकर पुस्तकातून कळला नसता.

धरणाचा एकूण साठा सुमारे २८ कोटी ८८ लाख घनमीटर. हा आकडा डोक्यात शिरेना. तेव्हा पत्नी म्हणाली, "माझ्या गुंडात सांगा." आमच्या घरचा गुंड पंधरा लिटरचा. वहीच्या मागच्या पानावर हिशेब केला. एका घनमीटरचे हजार लिटर, म्हणजे २८,८८३ कोटी लिटर, म्हणजे साधारण १,९२५ कोटी गुंड. ती बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिली. म्हणाली, "एवढं पाणी जवळ असून लहानपणी मी रोज दहा गुंडांसाठी रांगेत उभी राहात होते."

पाळीजवळ एक म्हातारे बाबा गुरे चारत होते. त्यांना जयभीम केला. त्यांनीही हात जोडले. मुलीने वही उघडली आणि विचारले, "आजोबा, धरण व्हायच्या आधी येथे काय होतं?" त्यांनी काठीने पाण्यातली एक दिशा दाखवली. "तिकडं आमच्या बांध्या होत्या. माझ्या बापाच्या." मोबदला मिळाला, पण तो घर चालवण्यात संपला, असे ते म्हणाले. पाणी पाटाने कुठवर जाते, तेही त्यांनीच सांगितले. खाली लाखांदूरकडे, आणि पुढे गडचिरोली जिल्ह्यात वडसा, आरमोरीकडे. "तिकडचा धान पिकते, ते बरंच हाये. पण आमची जमीन पाण्याखाली हाये, हे कोनी इचारत नाही."

मुलीने ते वाक्य त्यांच्याच बोलीत उतरवून घेतले. परत येताना मी मुलांना सांगितले की, डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, तेव्हा दामोदर खोऱ्याच्या आणि महानदीवरील हिराकूडच्या आखणीत त्यांच्या खात्याचा वाटा होता. पाणी अडवावे, शेती भिजावी, वीज व्हावी, असा तो विचार. मुलगा म्हणाला, "मग त्या आजोबांचं काय?" दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, एवढेच मला सांगता आले. धरण पाहायचे तर पाण्याच्या दोन्ही बाजू पाहायच्या, असे त्या दिवशी वहीत लिहिले गेले.

आता माझी चूक सांगतो. त्या दिवशी शेवटची गाडी आम्ही चुकवली, पाळीवर रमलो म्हणून. धानाच्या पोत्यांवर बसून ट्रॅक्टरने घरी आलो. मुलांना तर तीच मोठी गंमत वाटली. मी खुशीत वही लिहायला बसलो. आत पाहतो तर पत्नी डबे घासत होती. ती पहाटे चार वाजता उठली होती, पोळ्या, आलूची भाजी, लसणाची चटणी, सगळे तिनेच केले होते. रात्री आठला ती मोरीत बसली होती आणि दुसऱ्या दिवशी तिला अभ्यासकेंद्रात जायचे होते. मी विचारले, "कशी झाली सहल?" ती म्हणाली, "तुमची चांगली झाली."

समाजात भाषणे करणाऱ्या माणसाला हे घरात दिसू नये, याची लाज वाटली. त्या रात्री वहीच्या पहिल्या पानावर नियम लिहिला. सहलीची शिदोरी मी आणि मुलगा करणार, भांडीही आम्हीच घासणार. मुलाच्या पोळ्या अजून कोणत्याच देशाच्या नकाशासारख्या होत नाहीत, पण पोट भरते. विद्यार्थिनीला सुट्टी म्हणजे खरी सुट्टी मिळाली पाहिजे, मग ती विद्यार्थिनी आई का असेना.

दुसरी सहल डिसेंबरात, त्याच बाजूच्या तिबेटी वसाहतीची. गोठणगाव-प्रतापगडच्या परिसरात १९७२ साली ही नॉर्ग्येलिंग वसाहत वसली. दलाई लामा १९५९ साली भारतात आले, त्यांच्या मागोमाग हजारो तिबेटी निर्वासित आले. त्यांच्यासाठी देशात ठिकठिकाणी वसाहती झाल्या, त्यातली महाराष्ट्रातली ही. ही माणसे आमच्यासारखीच धानाची शेती करतात आणि हिवाळ्यात पुष्कळ घरे स्वेटर विकायला शहरोशहरी जातात. म्हणून आम्ही गेलो तेव्हा वसाहत शांत होती. म्हातारी माणसे आणि लहान मुले तेवढी दिसत होती.

येथे आमच्या मुलाची मान खाली गेली. कारण आदल्याच महिन्यात बाजारात स्वेटर विकणाऱ्या बाईंना पाहून तो मित्रांसोबत "चिनी, चिनी" म्हणून हसला होता. विहाराच्या पायरीवर एक वृद्ध माता हातात माळ घेऊन बसल्या होत्या. आम्ही "नमो बुद्धाय" म्हणालो. त्यांनी हात जोडले आणि चक्क मराठीत म्हणाल्या, "या, बसा." कोठून आलात, पोरे कितवीत आहेत, सगळी विचारपूस केली. आपण लहान असताना डोंगर ओलांडून आलो, गाव परत पाहिले नाही, एवढेच त्यांनी स्वतःबद्दल सांगितले. बाहेर आल्यावर मुलगा हळूच म्हणाला, "बाबा, ज्यांनी चीनमुळे देश सोडला, त्यांनाच मी चिनी म्हटलं." मी त्याला वेगळे काही समजावले नाही. त्याला कळले होते. आपल्याला कोणी नावे ठेवली की कसे लागते, ते आपल्या घरात कोणाला सांगावे लागत नाही. पण तेच आपण दुसऱ्याला करतो, हे मात्र दाखवावे लागते.

विहारात भिंतीवर रंगीत चित्रे, दिवे, फिरवण्याची चक्रे. मुलीने विचारले, "आपल्या विहारात तर असं काही नसतं. यांचे बुद्ध वेगळे आहेत का?" बुद्ध एकच, पण धम्म ज्या देशात गेला तेथल्या रीती त्याला लागल्या. तिबेटात महायान आणि वज्रयान परंपरा रुजल्या. आपल्याला बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्म दिला, तो बावीस प्रतिज्ञांसह. त्यानंतर अडीच वर्षांनी हे लोक सीमा ओलांडून आले. दोन वाटांनी आलेली माणसे एकाच तालुक्यात शेजारी राहतात आणि एकमेकांच्या घरी जात नाहीत, याचे मला नवल वाटले. त्यांचे नववर्ष, लोसार, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येते आणि ६ जुलैला दलाई लामांचा वाढदिवस असतो. अशा दिवशी आधी विचारून जावे. ती लोकांची घरे आहेत, प्रदर्शन नव्हे. न विचारता फोटो काढू नये.

तिसरी सहल नवेगावबांधची, आणि या वेळी आजीही आली! झाले असे की, वही रोज रात्री वाचली जाई आणि आजी अंथरुणावरून ऐके. एक दिवस ती म्हणाली, "त्या बांधावर मी लहानपनी गेली होती. मले नेता का?" पंचाहत्तरीपुढच्या माणसांना ऑगस्ट २०२२ पासून एस.टी. मोफत आहे, त्यामुळे माझ्या हिशेबालाही हरकत नव्हती.

नवेगावचा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीस कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे सांगतात. चहूकडे डोंगर, त्यातल्या सात टेकड्यांना सात बहिणी म्हणतात. डोंगरांमधल्या खिंडी मातीने बांधून पाणी अडवले. कोहळी समाजाने आपल्या या भागात असे तलाव खणले, बोड्या बांधल्या, त्यांच्यावर आजही धान पिकतो. या तलावाभोवतीच्या जंगलाला १९७५ साली राष्ट्रीय उद्यान जाहीर केले, क्षेत्र सुमारे १३४ चौरस किलोमीटर. २०१३ साली ते नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आले. जिप्सीची सफर आम्हाला परवडणारी नव्हती. आम्ही पाळीवरूनच बदके पाहिली, हिवाळी पाहुणे पक्षी पाहिले. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून येथे राहिले. जंगलातल्या आदिवासी, ढिवर माणसांकडून पक्ष्यांची नावे शिकत गेले आणि पुढे त्यांनी 'पक्षीकोश' केला. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली, त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. एवढा मोठा अभ्यासक साध्या माणसांना विचारत शिकला, हे मुलांना सांगण्यासारखे वाटले.

आजी मात्र पक्षी पाहत नव्हती. ती पाण्याकडे पाहत होती. थोड्या वेळाने तिने मुलीला जवळ बोलावले.

"आमच्या गावच्या तलावाले दोन घाट होते. मोठा घाट त्याहीचा. आमचा खालच्या अंगाले, जेथं ढोरं उतरत. मी लहान होती. मायले इचारलं, माय, पानी त एकच हाये, मंग घाट दोन कायले?"

"मग काय म्हणाली तुझी आई?"

"काई नाही. माया तोंडावर हात ठेवला."

आजीने हे मला पन्नास वर्षांत कधी सांगितले नव्हते. मी महाडच्या चवदार तळ्यावर किती भाषणे केली असतील! २० मार्च १९२७, बाबासाहेबांनी ओंजळ भरून पाणी प्यायले, हे मी पाठ म्हणून दाखवतो. पण माझ्याच आईच्या तोंडावर ठेवलेला हात मला माहीत नव्हता. कारण मी तिला घेऊन कधी तलावाच्या पाळीवर बसलोच नव्हतो. जागा समोर असली की माणसाला आठवते. घरात बसून विचारले असते तर ती म्हणाली असती, "जाऊ दे, जुन्या गोष्टी." मुलीने वही काढली नाही. आजीचा हात धरून ती पाण्यापर्यंत उतरली आणि दोघींनी पाय धुतले.

बाकीच्या सहलींचे थोडक्यात सांगतो. भाऊबीजेनंतर आपल्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते आणि रात्रभर नाटके होतात. वडसा हे त्या नाटकांचे माहेर. झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आपल्या माणसांची कला दिल्लीपर्यंत गेली. एक नाटक आम्ही सर्वांनी पाहिले. दहावीवाली मध्यंतरातच झोपली. प्रतापगडला महाशिवरात्रीची मोठी यात्रा असते आणि तेथेच ख्वाजा उस्मान हारुनी यांच्या नावाचा दर्गाही आहे. मुलाने विचारले, "आपण बौद्ध, मग यात्रेला जायचं का?" मी सांगितले, आपण नवस बोलत नाही, पूजा करत नाही. पण डोंगर चढायला, लोक पाहायला, शेजाऱ्यांसोबत बसून चणे-मुरमुरे खायला कोणतीही प्रतिज्ञा आड येत नाही. आम्ही गर्दीचा दिवस सोडून गेलो.

आता निबंधाची पुढची गोष्ट. यंदा पुन्हा तसाच विषय आला. मुलीने नवेगावचा तलाव लिहिला, आजीचे दोन घाट लिहिले. गुण मिळाले दहापैकी पाच. खाली लाल शाईत शेरा होता, 'विषयांतर. स्थळाचे वर्णन कमी.' ती रडवेली झाली. मी कार्यकर्त्याच्या सवयीने लगेच पायात चप्पल घातली. तिने मला अडवले. म्हणाली, "बाबा, थांबा. वर्णन खरंच कमी आहे. तलाव केवढा, कोणी बांधला, हे लिहिलंच नाही मी." तिने निबंध पुन्हा लिहिला. कोहळ्यांचा बांध आला, सात बहिणी आल्या, बदके आली. आजीचा घाट मात्र तिने काढला नाही. शिक्षकांना तो दुसरा निबंध तिने स्वतः नेऊन दाखवला. त्यांनी वाचला, थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "हे खरं आहे का?" ती म्हणाली, "हो सर, माझ्या आजीचं आहे." गुण काही बदलले नाहीत. पण ताजमहालाबद्दल तिला कोणी असे विचारले नव्हते.

दोन्ही निबंध आता वहीत चिकटवलेले आहेत. दहावीचा निकाल काय लागेल, पत्नीचे पेपर कसे जातील, ते यथावकाश कळेल. रविवार वाया गेला म्हणून कोणाचे गुण घटले, तर तेही याच सदरात प्रामाणिकपणे सांगेन.

ज्या घरात शिकणारी मुले आहेत, त्यांच्यासाठी अनुभवाच्या चार गोष्टी लिहितो. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एस.टी.त अर्धे तिकीट आहे, पाच ते बारा वर्षांच्या मुलांनाही अर्धे. त्यामुळे आमच्या तीन सहली मिळूनही शाळेच्या एका सहलीच्या निम्मा खर्च झाला नाही. परतीची शेवटची गाडी उतरल्याबरोबर विचारून घ्यावी, आमच्यासारखे करू नये. धरणाच्या पाण्यात उतरू नये. वरून शांत दिसणारे पाणी खोल असते, आणि सांडवा वाहत असेल तेव्हा मुलांचा हात सोडू नये. व्याघ्र प्रकल्पातील सफर पावसाळ्यात बंद असते, इतर दिवशीही वेळ आधी विचारावी. पाण्याची बाटली आणि टोपी विसरू नये. आणि शिदोरी कोण करणार, हे आदल्या रात्रीच ठरवावे.

शक्य असेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला सोबत न्यावे. आपल्या समाजाचा पुष्कळसा इतिहास छापलेला नाही. तो त्यांच्याजवळ आहे आणि तो सांगायला त्यांना एखादी पाळ, एखादा घाट समोर लागतो. दिवस थोडे आहेत.

पुढच्या महिन्यात आजीने स्वतःच्या गावचा तलाव दाखवायचे कबूल केले आहे. दोन्ही घाट. पोळ्या मुलगा करणार आहे.

जयभीम.